‘रेशन बंद करा, सरळ होतील’ म्हणणाऱ्यांना

गोवराची साथ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘लस न घेणारे अडाणी. त्यांना समजावून उपयोग नाही. रेशन बंद करा, सरळ होतील.’ तीन वाक्यं, आणि तिन्ही मला पटत नाहीत.

आधी अडाणीपणा. गोवर, गालगुंड आणि रुबेलावरच्या एमएमआर लशीने स्वमग्नता (ऑटिझम) येते, ही अफवा कुठल्या वस्तीत जन्मली नाही. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांचा अवघ्या १२ मुलांवरचा लेख आला आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी शिकल्यासवरल्या आईबापांनी लस टाळली. तो लेख मागे घ्यायला २०१० उजाडलं. (कोविडात आमच्या ग्रुपवर लशीतल्या चिपचा व्हिडिओ टाकणारे गृहस्थ इंजिनिअर आहेत. असो.)

‘समजावून उपयोग नाही.’ पण समजावलं कोणी, आणि काय? एकदा एका आशाताईंबरोबर वस्तीत फिरलो होतो. नऊ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन एक बाई दारातच म्हणाली, “मागल्या सुईला पोरगं दोन दिवस तापलं, मांडीला गाठ आली. माझे दोन खाडे झाले. सासू म्हणते, चांगलं खेळतं पोर कशाला आजारी पाडतेस?” यात अंधश्रद्धा कुठे आहे? साधा हिशोब आहे. ताप येईल आणि एकदोन दिवसांत उतरेल, हे तिला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. ताई पायरीवर बसल्या. गाठ आपोआप जिरते, चोळायची नाही. गोवराची सुई दंडाला देतात, तिचा ताप आठ-दहा दिवसांनीही येऊ शकतो. गोवर किती भयंकर, यावर एक शब्द नाही. उठताना विचारलं, “तुझी सुट्टी कधी असते गं?”

शिवाय भीतीला कारणंही मिळत राहतात. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. पण त्या गावातल्या आईने पुढच्या पोलिओ रविवारी बाटलीवरचं लेबल वाचायला मागितलं, तर तिला अडाणी म्हणणार का?

आता रेशन. सक्तीने रांग लागते, हे कबूल. आणीबाणीतही लागली होती. १९७६-७७ मध्ये ६० लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. पुढे उत्तर प्रदेशात ‘पोलिओच्या थेंबांनी मूल होत नाही’ ही अफवा पसरली, तिला सुपीक जमीन त्याच रांगांनी दिली असं मला वाटतं. ती अफवा मोडली ती दारोदार फिरणाऱ्या बायकांनी आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या मौलवींनी. जानेवारी २०११ नंतर देशात वाइल्ड, म्हणजे निसर्गातल्या विषाणूने होणाऱ्या पोलिओचा रुग्ण नाही.

आणि गोवराचे डोस दोन असतात : नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. पहिल्याला रेशनच्या धाकाने आलेली आई दुसऱ्याला दार उघडेल?

त्या बाईने सुट्टीच्या दिवशी बाळाला आणलं. दहाव्या दिवशी ताई पुन्हा तिच्या पायरीवर होत्या, ताप आला का ते बघायला.