लंडनची चढ-उतार बस आणि आमच्या फाट्यावरची एसटी

माझा भाचा येत्या मे महिन्यात त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, घेऊन लंडनला जाणार आहे. तेथील हॉप ऑन हॉप ऑफ बसचे तिकीट काढावे की नाही, असे त्याने परवा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारले आणि तासाभरात सात जणांनी त्याला वेड्यात काढले. त्यांतील सहा जणांनी लंडन पाहिलेले नाही. सातवी माझी मुलगी; ती तेथेच क्रॉयडनला राहते आणि २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघे नवराबायको तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मलाही हेच सांगितले होते. मी ऐकले नव्हते, आणि ऐकले नाही ते बरे केले असे माझे आजही मत आहे. गटावर लांब लिहिले तर कोणी वाचत नाही, म्हणून येथे लिहितो.

ज्यांना ही बस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वरचा मजला उघडा असलेली ही दुमजली बस ठरलेल्या मार्गावर दिवसभर गोल फिरत राहते. तिकीट एकदाच काढायचे, वाटेल त्या थांब्यावर उतरायचे, पाहून झाले की त्याच कंपनीच्या मागून येणाऱ्या बसमध्ये चढायचे. कानाला लावायचे यंत्र मिळते आणि समोर दिसणाऱ्या वास्तूची माहिती त्यातून ऐकू येते. आमच्या वेळी एका दिवसाचे तिकीट माणशी चाळीस पौंडांच्या घरात होते, म्हणजे आपले चार हजारांहून अधिक रुपये. मुलीचा हिशेब सरळ होता. "बाबा, साध्या लाल बसचे तिकीट पावणेदोन पौंड आहे. त्यात एका तासात कितीही बसा बदलता येतात. त्याच रस्त्यांवरून ती जाते. वरच्या मजल्यावर पुढे बसा, तेच सगळे दिसते."

तिचे गणित बरोबर होते, परंतु ते तिचे गणित होते. बारा वर्षे त्या शहरात राहिलेल्या माणसाला लाल बस सोपी वाटते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षे शिकवले, इंग्रजी वाचतो, समजतो; तरीही घोषणा ऐकून, नकाशा पाहून, पुढचा थांबा आपला आहे की नाही हे ठरवेपर्यंत तो मागे गेलेला असतो. मग परक्या चौकात बायकोसमोर खजील होऊन उभे राहावे लागते. या भीतीपोटी आपल्याकडची वयस्क मंडळी परदेशात मुलांच्या मागेमागे फिरतात. मुलांना सुटी असेल तेव्हाच बाहेर पडायचे, मुले थांबतील तेथेच थांबायचे आणि परत आल्यावर फोटोंत दिसणाऱ्या इमारतींची नावेही सांगता यायची नाहीत. त्या महागड्या तिकिटाने आम्हाला एक दिवस या पाहुणेपणातून सोडवले. मुलगी कामावर गेली आणि आम्ही दोघेच शहरात होतो.

या बसमध्ये मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वरचा उघडा मजला नव्हे. ती म्हणजे मागून येणारी दुसरी बस. शहरातल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. आमचे गाव दारव्हा-दिग्रस रस्त्यापासून आत चार किलोमीटरवर आहे. गावात सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला अशा दोनच एसटी येतात, तीही पावसाळ्यात नाल्याला पूर आला नाही तर. सातची चुकली की फाट्यापर्यंत पायी जाणे आणि तेथे ऑटोची वाट पाहणे आले. तेथे वाढलेला माणूस मोकळ्या मनाने गाडीतून उतरतच नाही. उतरताना त्याचा जीव परतीच्या गाडीत अडकलेला असतो. दारव्ह्याच्या बाजारात सौदा अर्धवट टाकून स्टँडकडे धावणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांत मीही होतो.

चालत्या गाडीतून उतरणे आणि चढणे मात्र आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हॉप ऑन हॉप ऑफ म्हणजे काय हे इंग्रजी शब्द ऐकण्यापूर्वीच कळले होते. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने टाकलेला हा अरुंद रूळमार्ग. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन त्यावर १९९४ पर्यंत धावत होते. धावत होते हा शब्द मी आदराने वापरतो आहे. चढावर तरणी मुले खाली उतरून गाडीच्या सोबतीने चालत आणि पुढे सावकाश डब्यात चढत. आता कित्येक वर्षे तीही बंद आहे.

तर त्या दिवशी आम्ही पहिली फेरी न उतरता पूर्ण केली. हा सल्ला मात्र मुलीचाच होता आणि तो उत्तम होता. आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना तेथे वरच्या मजल्यावर इतका बोचरा वारा होता की पत्नीने शाल डोक्यावरून घेतली आणि कानाचे यंत्र शालीत अडकून बसले. वेस्टमिन्स्टरचे घड्याळ, ट्रफाल्गर चौक, सेंट पॉल, टॉवर ब्रिज अशी एकापाठोपाठ एक स्थळे येत गेली. ती पाठ्यपुस्तकातील चित्रांसारखीच दिसतात, त्यामुळे त्यांविषयी अधिक लिहीत नाही. मात्र कोणते ठिकाण कोणाच्या शेजारी आहे, नदी कोठे वळते, मधले अंतर चालण्याजोगे आहे की नाही, याचा नकाशा त्या दोन-अडीच तासांत डोक्यात तयार झाला. तो पुढे तीन आठवडे उपयोगी पडला.

दुसऱ्या फेरीत आम्ही मॉन्युमेंटच्या थांब्यावर उतरलो. १६६६ च्या सप्टेंबरात पुडिंग लेनमधील एका बेकरीत आग लागली आणि जुने लंडन जळून गेले. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला हा दगडी स्तंभ २०२ फूट उंच आहे, आणि आग जेथे लागली तेथून तो बरोबर २०२ फुटांवरच उभा केला आहे. आत ३११ पायऱ्यांचा गोल जिना आहे. माझे गुडघे पाहता मी खालीच थांबणार होतो, परंतु पत्नी म्हणाली, "गाडी तं येतेच ना मागून? मग काहून घाई करता? चढा हळूहळू." तिने तीन शब्दांत त्या तिकिटाचे सगळे सार सांगितले होते: गाडी मागून येते. आम्ही पाऊण तास लावून चढलो आणि उतरलो. खाली आलो तेव्हा आमची बस डोळ्यांदेखत सुटली. सवयीने मी चार पावले धावलोही. पंधरा मिनिटांनी दुसरी आली. त्या पंधरा मिनिटांत मला आलेला निवांतपणा चाळीस पौंडांत बसतो की नाही, याचा हिशेब मी केलेला नाही.

आता तक्रारीही सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत. आमच्यासोबत वर बसलेल्यांपैकी निम्मे लोक दिवसभर उतरलेच नाहीत. फोन उंच धरून इमारतींचे कळस टिपत राहिले. असे करायचे असेल तर माझ्या मुलीची पावणेदोन पौंडांची बस खरोखर पुरेशी आहे. दुसरे म्हणजे मध्य लंडनमध्ये वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकते; चालत दहा मिनिटांत झाले असते तेथे आम्ही बसमध्ये अर्धा तास होतो. तिसरे, दुपारनंतर कसल्याशा मिरवणुकीमुळे आमच्या कंपनीने दोन थांबे रद्द केले. थांब्यावर तशी पाटी नव्हती, आणि तेथे आम्ही पन्नास मिनिटे उभे राहिलो. मी चरफडलो; पत्नीला मात्र दारव्ह्याच्या स्टँडवर बसल्यासारखे वाटले असावे, कारण तिने पिशवीतून दशम्यांचा डबा काढला.

चौथी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कानात बोलणारा आवाज काय सांगतो आणि काय गाळतो, ते पाहण्यासारखे आहे. टॉवर ऑफ लंडन आला की कोणत्या राणीचे मुंडके केव्हा उडवले ते रंगवून सांगितले जाते. ऑल्डविचच्या वळणावर आम्हाला नाटकगृहांविषयी बरेच ऐकायला मिळाले. त्याच वळणावर १९३० मध्ये उघडलेले इंडिया हाउस, म्हणजे आपले उच्चायुक्तालय, आहे. आणि त्याला लागून आतल्या गल्लीत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्याविषयी एक शब्दही नव्हता. मॉन्युमेंटपासून थोडे चालले की लेडनहॉल स्ट्रीट लागतो. ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय त्या रस्त्यावर होते. आज तेथे लॉइड्सची पोलादी इमारत उभी आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात गेले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, या निर्णयांचे कागद त्याच रस्त्यावरच्या टेबलांवरून गेलेले असणार. आमच्या भेटीनंतर वर्षभराने, एप्रिल २०२५ मध्ये, रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्याच लिलावातून राज्य शासनाने ४७.१५ लाख रुपयांना मिळवल्याची बातमी आली तेव्हा मला त्या रस्त्याची आठवण झाली. बसवाल्यांना दोष देत नाही. त्यांचे गिऱ्हाईक जगभरचे आहे, आणि वऱ्हाडच्या माणसाला काय ऐकायचे आहे हे त्यांना कसे कळावे? पण आपण काय ऐकले नाही याची जाण आपल्यालाच ठेवावी लागते.

बैलाला लांब कासऱ्याने खुंट्याला बांधून चरायला सोडतात, तशी ही बस आहे. बैल हवा तेथे तोंड घालतो, त्याला कोणी हाकलत नाही, आणि तो हरवण्याची भीती नसते. परंतु चरून झाल्यावर गवतात जो गोल उमटतो तो कासऱ्याच्या लांबीचाच असतो. पहिल्या दिवशी असा कासरा असणे चांगले. त्यावर संपूर्ण आठवडा काढणे मात्र मला मान्य नाही. दोन आणि तीन दिवसांची तिकिटे थोडी स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात, आणि तीन दिवस त्याच वर्तुळात फिरतात.

आम्ही तिसऱ्या दिवशी भुयारी रेल्वेने चॉक फार्म स्थानकावर उतरलो आणि विचारत विचारत १०, किंग हेन्रीज रोड येथे गेलो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. शांत रस्ता, एकसारखी उंच घरे, भिंतीवर निळी गोल पाटी. पर्यटकांच्या बसचा तेथे थांबा नाही. पत्नी दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला जाते. ती उंबरठ्याबाहेर चप्पल काढून आत गेली आणि बराच वेळ काही बोलली नाही. पहिल्या दिवशीचा तो नकाशा डोक्यात नसता, तर आम्ही दोघे एकटे एवढ्या लांब येण्यास धजावलो नसतो, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी कामगारवस्तीतील ज्या किंग्जली हॉलमध्ये राहिले होते, ते पूर्व लंडनमधले ठिकाण पाहायचे राहून गेले. संसदेसमोरच्या चौकातील त्यांचा पुतळा तेवढा बसमधून दिसला.

आणि ज्यांना हा सगळा परदेशी थाट वाटतो, त्यांना एक आठवण करून देतो. आपल्या एसटीने १९८८ मध्येच 'आवडेल तेथे प्रवास' ही पासची योजना सुरू केली. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास घ्या आणि राज्यभर कोठेही चढा, कोठेही उतरा. दिवाळीच्या सुटीत सात दिवसांच्या पासवर आम्ही लहानग्या मुलीला घेऊन शेगाव, औरंगाबाद, पंढरपूर, कोल्हापूर केले होते. वेरूळच्या फाट्यावर परतीच्या गाडीसाठी चार तास बसलो होतो, ती चार तासांची वाट तिला आजही आठवते आणि कैलास लेणे आठवत नाही. कल्पना तीच होती. मागून येणारी गाडी तेवढी नव्हती.

तेव्हा भाच्या, पहिल्या दिवसाचे तिकीट काढ, एकाच दिवसाचे. सकाळची पहिली बस गाठ, कारण संध्याकाळी या बसा लवकर बंद होतात आणि दुपारी अकराला निघणाऱ्याचे निम्मे पैसे वाया जातात. तिकीट चोवीस तासांचे आहे की त्या तारखेपुरते, हे काढतानाच विचारून घे. पहिली फेरी बसून कर आणि दुसरीत दोन किंवा तीनच ठिकाणी उतर, पण तेथे पोटभर थांब. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मुलीचे ऐक आणि लाल बसने फिर. आईसाठी कानटोपी घे. ती घेणार नाही म्हणेल, तरी घे. वर वारा फार असतो.