आधी गावाचं पाणी ठरवा, मग उत्पन्नाचं बोलू

शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवायचं म्हणलं की आपल्याकडं एकेकट्याची योजना सुरू होते, ह्याला शेततळं, त्याला ठिबक, तिसऱ्याला शेळ्या, आणि ज्याची ओळख त्याची फाईल आधी. माझं स्पष्ट मत आहे, मराठवाड्यात पाण्याचा निर्णय सगळ्या गावानं मिळून घेतल्याशिवाय कुणाच्याच घरात पैसा टिकणार नाही.

जालन्याजवळचं कडवंची बघा. १९९६ च्या आसपास तिथं पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी रानातच अडवायचं अन् जिरवायचं काम सुरू झालं, शेतीतले जाणकार विजयअण्णा बोराडे आणि कृषी विज्ञान केंद्राची माणसं पाठीशी होती. माथा ते पायथा काम झालं, चर, बांधबंदिस्ती, नाल्यावरचे बंधारे, आणि मग शेततळी अन् द्राक्षं. आपल्या लोकांना फक्त द्राक्षं दिसतात. वरच्या रानवाल्यानं बांधाला जागा सोडायची तेव्हा खालच्याच्या विहिरीला पाणी येतं, ते वरच्याला पटवायला पारावर बसावं लागतं, वर्षं जातात, जेसीबीनं होत नसतंय ते.

आता बऱ्याच गावात उलटं चालूय. तळ्यात प्लास्टिकचा कागद टाकायचा आणि बोअरचं पाणी उपसून भरायचं, म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात, उन्हानं वाफ होऊन चाललंय आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी. नगरकडच्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही असं ठरवलं आणि पाळलं, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. आपल्याकडं २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तरी ऊस काही सुटला नाही.

दुसरी गळती बाजारात. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचं सोयाबीन एकदाच आडतीवर, ओलं म्हणून भाव पाडतात, आणि उधारी भागवायची असते म्हणून थांबता येत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे ना, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने मुदत. पण दहा क्विंटलवाल्यानं एकट्यानं टेम्पो करायचा कसा, भाड्यातच जातंय सगळं. गटानं माल वाळवून, चाळून एका गाडीत पाठवला तर जमतं. हे काम बायकांच्या बचत गटाकडं द्यावं असं मला मनापासून वाटतं, महिन्याच्या महिन्याला हिशोब लिहायची सवय गावात त्यांनाच आहे.

आणि एक गोष्ट कुणी बोलतच नाही. बीडकडच्या गावांतून दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी, साखर कारखान्यावर जातात, मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जे बसतात ते कोण? पाणी असलेलेच. ज्यांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय त्यांच्या माघारी पिकाचे, पाण्याचे ठराव होतात आणि त्यालाच आपण लोकसहभाग म्हणतो. असले ठराव १ मेच्या ग्रामसभेत घ्या, बहुतेक लोक परत आलेले असतात, पेरणीला वेळ असतो, आणि बांधबंदिस्तीची कामं रोजगार हमीत मागायची असतील तर ज्यांना ती मजुरी पाहिजे ती माणसं तिथं समोर बसलेली असतात.