मुख्याध्यापक वर्गात बसतो तेव्हा

गेल्या आठवड्यात दुसऱ्या तासाला मी नववीला बीजगणित शिकवत होते. आमच्या मुख्याध्यापिका दार ढकलून आत आल्या आणि मागच्या बाकावर, गणितात अडणाऱ्या एका मुलाशेजारी बसल्या. वीस मिनिटं त्या त्याच्या वहीतली आकडेमोड बघत होत्या. शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "प्रश्न विचारून तू दोन सेकंदांत दुसऱ्याकडे वळतेस. त्या पोराला पाच लागतात. आपल्याला काय करता येईल?" सोमवारी त्याच वर्गावर त्यांनी स्वतः एक तास घेतला आणि मागच्या बाकावर मला बसवलं. त्या थांबल्या, वर्ग शांत राहिला आणि त्या मुलानं उत्तर दिलं.

लंडनच्या पश्चिमेला स्लाऊमध्ये मी शिकवते. माझी धाकटी बहीण साताऱ्याच्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे, प्रभारी मुख्याध्यापिका. प्रभारी, कारण शिक्षणहक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट 150 च्या वर गेला तरच वेगळा मुख्याध्यापक मिळतो. त्यामुळे दोन इयत्ता शिकवता शिकवता तिनं पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवायचा, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीत माहिती भरायची, मुलांचे अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) काढायचे, निवडणुका आल्या की मतदार याद्यांचं कामही करायचं. तालुक्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, 'आजच सायंकाळी 5 पर्यंत माहिती सादर करावी.' मी तिला आमच्या बाईंची गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "ताई, मला माझ्याच वर्गात बसायला मिळत नाही, गुरुजींच्या वर्गात कधी जाऊ?"

'आम्हाला शिकवू द्या' ही शिक्षकांची मागणी मी इथून वाचते आणि ती मला शंभर टक्के पटते. पण त्या मागणीत मुख्याध्यापकाचं नाव वेगळं येत नाही, याची खंत वाटते. टोरोंटोच्या केनेथ लिथवूड यांनी सहकाऱ्यांसह केलेली मांडणी अशी की, शाळेच्या हातात असलेल्या गोष्टींपैकी मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा होतो आणि त्याच्या खालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा. ऑकलंडच्या विवियन रॉबिन्सन यांनी 2008 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. सगळ्यात मोठा परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होणाऱ्या मुख्याध्यापकांचा. शिक्षकांना प्रशिक्षणाला धाडून आपण कार्यालयात बसणं वेगळं आणि त्यांच्याबरोबर शिकायला बसणं वेगळं. 2015 मध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 8 देशांतल्या 1,800 हून अधिक माध्यमिक शाळांचं व्यवस्थापन पाहिलं. ब्रिटन वर होता, भारत सगळ्यात खाली. ते वाचून मला राग आला होता. पण बहिणीचा दिवस डोळ्यांसमोर आणला तर यात तिची चूक कुठे शोधायची?

म्हणून इथली व्यवस्था उचलून तिकडे न्यावी, असं मात्र मी म्हणणार नाही. इथल्या माझ्या पहिल्या शाळेत मुख्याध्यापक वर्गात यायचे ते गुण द्यायला. आम्ही तो एक तास सजवायचो, बाकीचे दिवस तसेच, आणि दोन वर्षांत चांगले चार शिक्षक शाळा सोडून गेले. सरकारी तपासणीचा धाक मुख्याध्यापकांवर असतो आणि तोच खाली झिरपतो. जानेवारी 2023 मध्ये आमच्या जवळच्या रेडिंगमध्ये एका मुख्याध्यापिकेनं तपासणीनंतर जीव दिला. त्या तपासणीचा मृत्यूला हातभार लागला, असं चौकशीत स्पष्ट नोंदवलं गेलं. अख्ख्या शाळेला एका शब्दाचा शेरा मारण्याची पद्धत सप्टेंबर 2024 मध्ये सरकारी शाळांपुरती बंद झाली. फार उशीर झाला होता.

कागदी आराखड्यांचंही तसंच. मध्य प्रदेशात 'शाला सिद्धी' योजनेत शाळांनी स्वतःचं मूल्यमापन केलं, सुधारणेचे आराखडे लिहिले. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह यांनी तपासलं, तर ना शिकवणं बदललं होतं ना मुलांचं शिकणं. माझ्या बहिणीकडे असले आराखडे फायलीत आहेत. ते भरण्यात गेलेले तास मुलांचे होते.

मला हवं आहे ते छोटं आहे. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र असतं. त्या केंद्राला माहिती भरणारा एक लिपिक द्या. महाराष्ट्रातल्या अनुदानित माध्यमिक शाळांत खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनं मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेनं मिळतं. ते मोडून परीक्षा लावा, असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण संस्थाचालकाच्या मर्जीपासून शिक्षकाला वाचवणारी ती एकच भिंत आहे. भिंत राहू द्या, पण पदावर बसण्याआधी वर्षभर एखाद्या चांगल्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली काम करायला लावा. इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकांसाठी राष्ट्रीय पात्रता 1997 मध्ये सुरू झाली, 2009 मध्ये ती सक्तीची केली आणि 2012 मध्ये ती सक्ती काढली. सक्ती काढणं ही चूक होती, असं मला आजही वाटतं.

आणि आपल्याकडे हे होतच नाही असं नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 मध्ये जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. दत्तात्रय वारे गुरुजींनी ती गावाला सोबत घेऊन उभी केली. पण अशी माणसं व्यवस्थेमुळे घडत नाहीत, व्यवस्थेशी झगडून टिकतात. मला काळजी आहे ती झगडायची ताकद न उरलेल्या हजारोंची.

बहिणीनं तिच्या परीनं सुरुवात केली आहे. शनिवारी सकाळच्या शाळेत ती आणि गुरुजी दोन्ही वर्ग एकत्र बसवतात. एक जण शिकवतो, दुसरा मुलांत बसून बघतो. मग पाऊण तास बोलतात, कोण कुठे अडलं. तिसरीतली एक मुलगी फळ्यावरचं बघून लिहिते, तिला वाचता येत नाही, हे बहिणीला असंच कळलं. या शनिवारी मात्र त्यांना बसता आलं नाही. तालुक्याला मुख्याध्यापकांची बैठक होती.