माटोळीला टांगलेलं स्टिअरिंग

चवथीला तीन आठवडे उरले होते आणि फोंड्यात पाऊस असा लागला होता की दोरीवरचे टॉवेल वाळण्याऐवजी पिकत होते. नेमकं तेव्हाच मी बाबांच्या फियाटचं स्टिअरिंग दुरुस्त करायला घेतलं.

गाडी खरं म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1978 ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण आमच्याकडे ती कायम फियाटच. पावसात सुरू होईना की तिला जे काही बोललं जातं, ते एका राणीचं नाव घेऊन बोलवत नाही. बाबांनी ती सेकंडहँड घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिच्यातून दिवाडीच्या शाळेत गेले. जुने गोव्याच्या धक्क्यावर फेरीचं तिकीट घ्यायचं, घडी करायची आणि स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला जी मोठी चीर होती, तिच्यात खोचायचं. परतीपर्यंत तिकीट तिथेच.

अशा चिरा एकूण अकरा. स्टिअरिंगच्या पोटात लोखंडी कडं असतं आणि वर कडक प्लास्टिक. उन्हात दोघं वेगवेगळ्या मापाने फुगतात, शिवाय प्लास्टिक वयाबरोबर आक्रसतं, कडं काही आक्रसत नाही. मग प्लास्टिक तडकतं. चिरेतून पाणी आत जातं आणि आमच्या हवेत लोखंडाला गंजायला तेवढं निमित्त पुरतं.

मेकॅनिकने दोन वाक्यांत निकाल दिला होता. "पात्रांव, दुसरें स्टिअरिंग घाल. हें तुजें काम न्हय." पहिलं वाक्य मी ऐकलं नाही. दुसऱ्याने पेटलो.

मधला नट सोडवताना तो पूर्ण काढायचा नसतो, दोन आटे शिल्लक ठेवायचे असतात. घट्ट बसलेलं स्टिअरिंग हिसके देता देता अचानक सुटतं, तेव्हा नट त्याला अडवतो. मी नट पूर्ण काढून खिशात ठेवला होता. त्यामुळे स्टिअरिंगला माझ्या नाकाने अडवलं. "अहो, रक्त येतंय," असं बायको म्हणाली, पण कुतूहलानेच. चाक पुन्हा त्याच दिशेने बसावं म्हणून दांड्यावर आणि चाकावर खडूने खूण मात्र आधीच करून ठेवली होती. ही खूण लक्षात ठेवा. मी नाही ठेवली.

चीर बुजवायची तर ती आधी कोरून रुंद करायची, तळाशी निमुळती, म्हणजे लांबीला, त्या बुजवायच्या पुट्टीला, धरायला जागा मिळते. पणजीच्या रस्त्यांवर जाऊन-येऊन असल्यामुळे बुजवण्याआधी खणायचं, हे मला पटवावं लागलं नाही. करवतीचं पातं घेऊन बसलो. अकरा चिरा कोरून झाल्यावर थिनरने पुसलं, तेव्हा आणखी सहा दिसल्या. त्याच फडक्याने खडूची खूणही पुसली गेली, हे फार उशिरा कळलं.

मग एम-सील. दोन रंगांच्या दोन कांड्या समसमान घ्यायच्या आणि एकच रंग होईपर्यंत मळायच्या. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेवऱ्यांचं पीठ मळलं जात होतं. बायकोने माझ्या हाताकडे पाहिलं, पिठाची परात उचलली आणि शेजारच्यांकडे निघून गेली. त्या वर्षी आमच्या नेवऱ्या त्यांच्या घरी तळल्या गेल्या, आणि तळणाऱ्याचा वाटा म्हणून निम्म्या तिथेच राहिल्या.

घासणं मात्र मला आवडलं. आधी 80 नंबरचा पेपर, मग 220, मग पाणी लावून 400. डोळे मिटून अंगठा फिरवायचा. डोळ्यांना जे गुळगुळीत वाटतं, ते अंगठ्याला वाटत नाही. चार संध्याकाळी गेल्या. ऑफिसात सही करताना पेन बोटांतून निसटायला लागलं, इतके ठसे झिजले.

काळा रंग मारला आणि तासाभरात त्यावर पांढरी साय धरली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. म्हणजे घासून पुन्हा रंग, पण कोरड्या जागी. भर पावसात आमच्या घरात कोरडी जागा एकच, गणपतीची खोली. तिथे बल्ब दिवसरात्र चालू होता आणि वर माटोळीची, म्हणजे गणपतीवर रानफळं टांगायची, लाकडी चौकट धुऊन, बांधून तयार होती. अजून रिकामीच. रंग पडवीत मारला आणि स्टिअरिंग चौकटीला टांगलं.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. तिला एका डोळ्याने कमी दिसतं. बराच वेळ मान वर करून बघत राहिली. "हें खंयच्या रानांतलें रे?" शेजारचे काका म्हणाले, कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेत नाव द्या, कवंडळं आणि आंबाडे काय सगळेच बांधतात. बायकोने मुदत दिली: माटोळीचा बाजार घरात यायच्या आत हे फळ उतरलं पाहिजे.

उतरवलं. बसवलं. बॅटरीची वायर काढायला विसरलो होतो, त्यामुळे हॉर्नची पट्टी टेकली आणि फियाट बोंबलायला लागली, ती थांबेचना. बाहेर हॉर्न वाजवत पाव विकणाऱ्या पोदेराने सायकल थांबवली आणि त्याच्या धंद्यात हा नवा कोण उतरला, म्हणून फाटकातून डोकावला.

बाबांना गाडीत बसवलं. चाक सरळ धरलं की गाडी डावीकडे जायची आणि गाडी सरळ ठेवली की चाक तिरकं. खूण! बाबांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चकाकीबद्दलही नाही. डावा अंगठा कडेवरून फिरवत नेला, एका जागी थांबवला, मागे आणला, पुन्हा नेला.

"आता तिकीट कुठे ठेवायचं?"

चवथीनंतर दहाएक दिवसांनी नेमक्या त्याच जागी केसाएवढी रेघ उमटली. मी लांबी शोधायला उठलो, तर बाबांनी हात धरला.

"राहू दे. मोठी होईल हळूहळू."