सॉर्ट झालं का, साहेब?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम आला की माझ्या डोक्याला ताप. गिऱ्हाइकाच्या पेढीवर जुनं एएस/४०० आहे, आयबीएमचा कॉम्प्युटर. शेठ एकच यादी दोनदा काढणार, एकदा मशीनवर, एकदा एक्सेलात, आणि लगेच फोन: "अहो, लॉट उलटेपालटे आलेत!" उलटे नाहीत हो! ते मशीन एब्सिडिकवर चालतं, म्हणजे आयबीएमच्या अक्षरं साठवायच्या कोडवर. आधी स्मॉल अक्षरं, मग कॅपिटल, आकडे शेवटी. पीसीत आकडे पहिले. सॉर्ट सिक्वेन्स, म्हणजे यादी लावायचा क्रम, बदलू का विचारलं, तर "चालू सिस्टीमला हात नको."

त्यात ती यादी सॉर्ट करणारी एफएमटीडीटीए कमांड. फील्डचं, म्हणजे रकान्याचं, नाव नाही, ओळीतली जागा मोजून सांगायची: अक्षर १७ ते २४. परवा कुणीतरी पार्टीच्या नावाचा रकाना ५ अक्षरांनी वाढवला. मला सांगायची तसदी? छे! सॉर्टनं निमूट नावाची शेपटी धरून अख्खी यादी लावली. एरर नाही, काही नाही. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, ऑर्डर बाय आणि रकान्याचं नाव लिहिलं की मिटलं, हे दरवर्षी सांगतो. "जुनं पळतंय न्हवं?" पळतंय की! कुठं पळतंय ते बघत मी बसलोय, रात्री साडेनऊला, भडंग खात.