विंडोजची मुदत आधीच ठाऊक असते, तयारी मात्र शेवटच्या आठवड्यात

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ही तारीख २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हापासून जाहीर होती. तयारीला तब्बल दहा वर्षं मिळाली, तरी कितीतरी पतसंस्था, शाळा आणि छापखाने शेवटच्या आठवड्यात जागे झाले. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण घाईत पैसाही जातो आणि डेटाही.

"चालतोय ना कॉम्प्युटर, मग कशाला हात लावायचा?" चालतो हो. पण सुरक्षेतली नवी फट सापडली तर ती बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टची मुदतवाढ घेतली नसेल तर, आता येणार नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. त्याला अडवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही, त्यांतल्या कितीतरी जणांच्या फायली अडकल्या.

घाईतला पहिला सल्ला असतो, "सगळी मशीन बदला." थांबा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. पुष्कळ मशीनमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते 'पीटीटी' नावाने सापडतं. ते चालू केलं की बहुतेकदा काम होतं. प्रोसेसरच जुना असेल आणि त्या मशीनवर फक्त पत्रं आणि इंटरनेट चालत असेल, तर विंडोजऐवजी उबंटू या मोफत प्रणालीची एलटीएस (दीर्घ मुदतीची) आवृत्ती टाका. तिला पाच वर्षं अपडेट मिळतात.

खरी अडचण मशीनची नसतेच. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना विचारा. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केलेले दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका. तो फॉन्ट गेला की उघडलेल्या फाइलमध्ये नुसती अगम्य चिन्हं दिसतात. त्यात विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे जुन्या डाँगलचा (सॉफ्टवेअर चालू करायला लावायची किल्ली) किंवा स्कॅनरचा ३२ बिट ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा जुन्या पद्धतीचा प्रोग्राम, तिथे चालत नाही. म्हणून जुनं मशीन सुरू आहे तोवरच सगळ्याच्या पीडीएफ काढा, मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या आणि बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. नवी खरेदी त्यानंतर.

आधी एकच मशीन बदला. त्यावर महिनाभर रोजचं काम करा, प्रिंट काढा, टॅली चालवा, डिजिटल सहीचा टोकन लावून बघा. मग बाकीची. आणि मार्चएंडच्या तोंडावर हे काढू नका, अकाउंटंटचे हाल होतात.

आणखी एक. विंडोज ११ वर बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं त्याच्याकडे जाते. सेटअप करायला आलेल्या मुलाने स्वतःचं खातं वापरलं असेल तर तुमच्या डेटाची किल्ली त्याच्याकडे आहे. बिल देण्याआधी ती की मागून घ्या, कागदावर लिहा आणि संस्थेच्या तिजोरीत ठेवा.