ठिपके गेले म्हणजे रोग गेला नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मरीन टँकवाल्यांत, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांत, सध्या टँग (सर्जनफिश) या माशाविषयी आणि त्याच्या क्वारंटाइनविषयी, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळ्या टाकीत ठेवण्याविषयी, एक मजकूर पुढे पुढे पाठवला जातोय. त्यात म्हटलंय: 'टँगला क्वारंटाइन लागत नाही. दुकानात आठ दिवस राहिलेला, खाणारा मासा निरोगीच असतो. ठिपके आले तर पाणी ३२ अंशांवर न्या, खाण्यात लसूण द्या, तीन दिवसांत जातात. क्लीनर कोळंबी ठेवा. पाणी गोव्याहून समुद्राचंच आणा. आणि वेगळ्या टँकमध्ये कोंडल्यामुळेच टँग मरतात.' हे वाचून नवी मंडळी टँग थेट मोठ्या टँकमध्ये सोडतात. मग टँग तर जातोच, पण वर्षभर नीट जगलेले क्लाउनफिशही त्याच्यामागून जातात. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून बघू.

'मासा खाऊलालाय की, मग कशाला भिता?' हा पहिला युक्तिवाद. मासा खातोय ही चांगलीच खूण आहे, पण तेवढ्यावर तो निरोगी ठरत नाही. मरीन व्हाइट स्पॉटचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स, बहुतेकदा आधी कल्ल्यांत घर करतो आणि तिथलं आपल्याला काही दिसत नाही. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसेपर्यंत आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. दुकानातल्या आठ दिवसांचंही तसंच. बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं, म्हणजे काल आलेल्या माशाचा रोग आज शेजारच्या टाकीत पोचतो. काही ठिकाणी पाण्यात कमी प्रमाणात कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, सोडलेलं असतं. त्यानं परजीवी दबतो, पण संपत नाही. घरच्या पाण्यात कॉपर नाही, की तो डोकं वर काढतो. आपल्याकडे येणारा मासा मुंबई, चेन्नई किंवा बेंगळुरूहून आलेला असतो, आणि त्याआधीही त्यानं दोन-तीन ठिकाणचं पाणी पाहिलेलं असतं.

हा धोका टँगला विशेष आहे. शेपटीच्या मुळाशी पातं बाळगणारं हे सर्जनफिशचं कूळ व्हाइट स्पॉटला फार लवकर बळी पडतं. त्यातला पावडर ब्लू टँग तर सगळ्यात आधी.

आता लसूण आणि ३२ अंश. सगळ्यात जास्त मासे या एका वाक्यानं मारलेत, म्हणून इथे जरा थांबतो. ठिपके काही दिवसांत जातात हे खरं आहे. पण काही न करताही ते जातात. हा परजीवी माशाच्या कातडीखाली शिरून तीन ते सात दिवस खातो, मोठा होतो आणि आपणहून गळून पडतो, बहुतेकदा अंधारात. त्यानंतर तो वाळूवर, दगडावर, काचेवर चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून शे-दोनशे पिल्लं बाहेर पडतात. काही कवचं तीन दिवसांत फुटतात, बरीचशी चार आठवड्यांत, आणि नोंदलेली सर्वांत उशिराची ७२ दिवसांनी. पिल्लांना दीड-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो, नाहीतर ती मरतात. समुद्रात एवढ्या पाण्यात त्यांतल्या फार थोड्यांना मासा सापडतो. आपल्या टँकमध्ये टँग रोज रात्री त्याच कपारीत झोपतो आणि कवचं त्याच कपारीच्या तळाशी फुटतात.

म्हणजे ज्या दिवशी अंग स्वच्छ दिसतं आणि आपण लसणाचे आभार मानतो, त्या दिवशी रोग अंगावरून उतरून वाळूत गेलेला असतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी ठिपके दुपटीनं परततात. लसणानं हा परजीवी मरतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. लसणाच्या वासानं एखादा रुसलेला मासा खायला लागत असेल, तर तेवढाच त्याचा उपयोग.

तापमानाचा सल्ला आला कुठून, हेही सांगितलं पाहिजे. गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटवर पाणी ३० अंशांवर नेण्याचा इलाज चालतो. आपल्यातले बहुतेक जण गोल्डफिश, एंजलफिश पाळून मग मरीनकडे वळले, आणि तो इलाजही सोबत घेऊन आले. पण गोड्या पाण्यातला तो परजीवी निराळा. क्रिप्टोकॅरिऑन गरम पाण्यात मरत नाही, उलट त्याचं चक्र जोरात फिरतं. शिवाय पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. कल्ले आधीच सुजलेल्या माशाला ३२ अंशांत ठेवणं म्हणजे त्याचा श्वास कोंडणं.

'माझा टँग ठिपके येऊनही दोन वर्षं जगला' असं कोणी सांगेल. जगला असेल. तगलेल्या माशाला काही महिने थोडी प्रतिकारशक्ती येते. पण रोग टँकमध्ये दबून राहतो, आणि नवा मासा आला किंवा रात्रभर वीज गेली की पुन्हा उसळतो.

क्लीनर कोळंबीचा मुद्दा एका परिच्छेदात संपतो. कोळंबी आणि क्लीनर रास (wrasse) नावाचा छोटा मासा इतर माशांच्या अंगावर बाहेरून चिकटलेले छोटे जीव आणि मेलेली कातडी खातात. व्हाइट स्पॉट कातडीच्या खाली असतो. तो त्यांना काढता येत नाही.

गोव्याचं पाणी. चोर्ला घाट उतरला की समुद्र, म्हणून कॅन भरून आणायचा मोह होतो. पण हे परजीवी मुळात समुद्रातलेच. शिवाय पावसाळ्यात मांडवी, झुआरीच्या पुरानं किनाऱ्याच्या पाण्याची क्षारता (खारेपणा) खूप उतरते, आणि हजारी ३५ च्या हिशोबानं चालवलेल्या टँकला तो झटका बसतो. राकसकोपचं असो की हिडकलचं, नळाचं पाणी आरओतून काढून त्यात मरीन मीठ मिसळणं जास्त भरवशाचं.

शेवटच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. क्वारंटाइनमध्ये टँग मरतात, आणि पुष्कळ मरतात. पण ते वेगळं ठेवल्यानं नव्हे, वाईट ठेवल्यानं. दोन फुटी टाकी, कोरा फिल्टर, पाचव्या दिवशी अमोनिया, आणि दोष क्वारंटाइनला.

तीन-चार इंची टँगला किमान तीन फूट लांबीची, शंभर लिटरच्या वरची टाकी हवी. वाळू नको, दगड नको, कारण दोन्ही कॉपर शोषतात. लपायला पीव्हीसी पाइपचे रुंद एल्बो टाका, ते नसतील तर टँग काचेवर आपटत राहतो. मासा आणण्याआधी तीन-चार आठवडे स्पंज फिल्टर मोठ्या टँकच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवून पिकवा, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू द्या. आपल्याकडे थंडीत रात्री हवा १५ अंशांच्या आसपास उतरते आणि छोटी टाकी पटकन गार होते, तेव्हा हीटर हवाच. जाळी, बादली, नळी वेगळी.

रात्रभर प्रवास केलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, म्हणून साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. टाकीची क्षारता आधीच पिशवीशी जुळवा, बंद पिशवी तरंगवून तापमान एक करा आणि उघडताच मासा सोडा.

कॉपर द्यायचं तर टेस्ट किट घेऊनच. साध्या कॉपर सल्फेटची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. चिलेटेड कॉपरची (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या कॉपरची) याच्या कित्येक पट, आणि ती बाटलीगणिक बदलते. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर मासा मेलाच समजा. टँगला मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा आणि पुढे महिनाभर टिकवा. मध्ये एक दिवस जरी ती खाली घसरली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अमोनिया बांधणारी औषधं कॉपरसोबत टाकू नका, अमोनिया चढला तर पाणी बदला. रोज बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पत्री) क्लिपला लावा.

चांगला टेस्ट किट मिळत नसेल तर दोन प्लॅस्टिकचे टब पुरतात. दर ७२ तासांनी मासा कोरड्या, धुतलेल्या टबात, ताज्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा. गळून पडलेले परजीवी मागच्या टबातच राहतात. ही युक्ती व्हाइट स्पॉटवरच चालते. पिवळसर भुकटी फासल्यासारखं अंग दिसलं, मासा पंपाच्या प्रवाहात तोंड धरून धापा टाकू लागला, तर ते वेल्व्हेट, म्हणजे दुसऱ्याच परजीवीचा रोग, आणि तिथे कॉपरला पर्याय शोधत वेळ घालवू नका.

ज्यांनी तो मजकूर वाचून टँग आधीच सोडलाय आणि ठिपके दिसतायत, त्यांनी मोठ्या टँकमध्ये कॉपर मुळीच टाकू नये. कोळंबी, गोगलगायी, ॲनिमोन सगळे मरतील. सगळे मासे, अगदी निरोगी दिसणारेसुद्धा, बाहेर काढून उपचाराच्या टाकीत घ्या आणि मोठा टँक ७६ दिवस माशांविना चालू ठेवा. कोळंबी आणि गोगलगायींवर हा परजीवी जगत नाही, त्यांना तिथेच राहू द्या, आणि फिल्टर जिवंत राहावा म्हणून अधूनमधून चिमूटभर खाद्य टाकत राहा.